कोबीच्या वखारीतली मशीद

कोलोनच्या निप्पेस भागातली ती मशीद आधी कोबीची वखार होती. साधा कोबी नव्हे, आंबवलेला. मीठ लावून लाकडी पिंपांत दडपलेला हा कोबी जर्मन माणूस मिटक्या मारत खातो, पण त्याचा वास एकदा भिंतीत मुरला की मालक बदलला म्हणून जात नाही. गाड्यांच्या कारखान्यात राबायला आलेल्या तुर्की कामगारांनी वखार भाड्यानं घेतली, चुना मारला, गालिचे अंथरले, गुलाबपाण्याच्या बाटल्याच्या बाटल्या रित्या केल्या; तरी पावसाळी हवेत नमाजाला कपाळ टेकवलं की नाकाशी कोबी हजर. मिनार नव्हता, दारावर पाटी नव्हती, बांग बाहेर ऐकू जात नव्हती. मागच्या अंगणात, ज्याला तिथे सगळे होफ म्हणत, शुक्रवारी बुटांची रांग दिसली की समजायचं, आत मशीद भरली आहे.

आज त्याच मंडळींची काचेची दिमाखदार इमारत दोन रस्ते पलीकडे उभी आहे. तिच्या दालनात जुन्या दिवसांची छायाचित्रं लावली आहेत. एकात वखारीपुढे मिशाळ तरुण छात्या काढून उभे आहेत आणि वर, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून, साडीतली एक बाई वाकून बघते आहे. खाली पुरुषांची नावं ओळीनं दिली आहेत. बाईला ‘शेजारीण’ म्हणून उरकलं आहे. त्या शेजारणीचं नाव शुभदा दिघे. तिनं या मशिदीसाठी काय केलं, आणि त्यापायी एका माणसाच्या वाट्याला काय आलं, हे त्या दालनात कुठेही लिहिलेलं नाही. त्या माणसाला ते नकोच होतं.

शुभदाताई मिरजेला नर्सिंग शिकल्या आणि लग्न होऊन माधव दिघ्यांच्या मागोमाग कोलोनला आल्या. माधवराव एका यंत्रांच्या कंपनीत ड्रॉइंगच्या टेबलावर; शुभदाताई इस्पितळात बायकांच्या वॉर्डात. बोलायला फटकळ, हाताला हलक्या. कपाळावर मेण लावून त्यावर ठसठशीत कुंकू, ते मिरजेत होतं तसंच इथेही. पहिल्याच दिवशी वॉर्डातल्या एका जर्मन आजींनी घंटा वाजवून सगळ्यांना गोळा केलं होतं, का, तर नव्या सिस्टरच्या डोक्याला लागलंय आणि कुणाचं लक्ष नाही. मुख्य नर्सनं मग टिकली लावा म्हणून सुचवून पाहिलं. शुभदाताईंनी ऐकल्यासारखं केलं आणि सोडून दिलं.

रस्त्याकडच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर दिघे राहायचे, आणि त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर वखारीवर उघडायची. वखारीतला नळ थंडीत गोठायचा, एरवी जेमतेम ठिबकायचा. नमाजाआधी हातपाय धुवायला पाणी हवं, आणि तळघरातल्या नळाला हात लावाल तर खबरदार, असं घरमालकिणीनं बजावलेलं. तेव्हा शुभदाताईंनी आपल्या मोरीचा नळ उघडून दिला. पाण्याचे कॅन घेऊन जिने चढायचं काम दुरसून नावाच्या तरुणाकडे होतं. लाजरा, खांद्यानं रुंद, जर्मन मोडकंतोडकं. तो त्यांना आब्ला म्हणायचा, म्हणजे ताई. माधवराव गमतीनं म्हणत, "तुझा भाऊ आला बघ पाण्याला. भाऊबीजेला ओवाळून टाक एकदाचं."

पुढे दुरसूननं गावाहून बायकोला आणलं. तिचं नाव गुलसुम. विशी ओलांडलेली, गालावर खळी, डोक्याचा रुमाल सारखा घसरणारा. दुरसून कामावर गेला की ती शुभदाताईंच्या स्वयंपाकघरात येऊन बसायची. हिला तिची भाषा येत नाही, तिला हिची. पण किताब, दुनिया, हवा, सबुन असे थोडे शब्द दोघींकडे सापडले आणि बाकीचं भागत गेलं. गुलसुमला शिरा फार आवडायचा. दिवस राहिल्यावर ती रोज पातेल्याचं झाकण उघडून बघायची, आणि शुभदाताई तिच्या हातावर चापट मारून मग वाटी भरून द्यायच्या. माहेरापासून इतक्या लांब एकाच जिन्यावर राहणाऱ्या त्या दोघी; एकमेकींवर जीव जडला नसता तरच नवल.

ऑगस्ट महिन्यात गुलसुम बाळंत झाली. मुलगी झाली, अशक्त होती, तिला काचेच्या पेटीत ठेवलं. आणि गुलसुमचा रक्तस्राव थांबेना. शुभदाताई त्याच वॉर्डात होत्या. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, बाटल्यांवर बाटल्या रक्त चढवलं. दुपारपर्यंत खेळ आटोपला.

वखारीतल्या मशिदीत तोवर जी मयतं धुतली गेली ती पुरुषांची. बाईला बाईनंच धुवावं लागतं. पण ऑगस्टात अख्खी तुर्की वस्ती गाड्या भरून गावाला गेलेली; उरल्या होत्या कामगारांच्या होस्टेलवरच्या दोन पोरी, त्या दारातूनच रडत परत फिरल्या. नवऱ्यानं धुवावं तर त्यांच्या पंथात तेही चालत नाही. बायको गेली की लग्न तिथे संपलं, तिच्या अंगाला हात लावायचा नवऱ्याला अधिकार उरत नाही. इमाम, ज्यांना सगळे होजा म्हणत, ते रात्रंदिवस ग्रंथ घेऊन बसणारे, पण माणूस मऊ. ते दुरसूनला घेऊन जिना चढून आले. होजांना जर्मन येत नव्हतं, म्हणून बोलायचं दुरसूनलाच होतं.

"होजा म्हणतात, असा प्रसंग आमच्या ग्रंथात आहे," दुरसून म्हणाला. त्याचे डोळे जमिनीवर होते. "आमच्या धर्माची बाई जवळ नसली, तर दुसऱ्या धर्माच्या बाईला शिकवायचं आणि तिच्याकडून धुवून घ्यायचं. आब्ला, तुम्ही कराल?"

शुभदाताईंनी माधवरावांकडे पाहिलं. माधवराव म्हणाले, "जा. विचारतेस काय."

वखारीच्या कडेला कोबीची पिंपं विसळायची एक फरसबंद खोली होती. तिथे फळीवर गुलसुमला ठेवलं. शुभदाताई आत एकट्या. दार ओढून घेतलेलं. बाहेर होजा दाराकडे पाठ करून उभे, आणि त्यांच्या शेजारी दुरसून. होजा तुर्कीत एकेक पायरी सांगायचे, आणि दुरसून ती जर्मनमध्ये दाराच्या फटीतून आत द्यायचा. कमरेवरचं कापड काढू नका. आधी हात, मग तोंड. उजवी बाजू आधी. पाणी कोमट आहे ना? केसांच्या दोन वेण्या घाला, छातीवर सोडा. आपल्या बायकोच्या शेवटच्या आंघोळीची एकेक ओळ त्या पोरानं परक्या भाषेत, एका परक्या बाईला, न अडखळता सांगितली. फक्त वेण्यांच्या वेळी त्याचा आवाज बसला. शुभदाताई थांबून राहिल्या, तो खाकरला, आणि पुढचं सांगू लागला.

पांढऱ्या कापडांत गुंडाळून झालं. चेहरा तेवढा उघडा होता. बाहेरून आवाज आला, "आता कापूर. कपाळ, नाक, तळवे, गुडघे, पावलं. नमाजात जे जमिनीला टेकतं ते."

कापूर हातात घेतला आणि त्याच्या वासानं शुभदाताईंचं मन थेट घरी गेलं. इतका वेळ नर्सचे हात काम करत होते. आता माहेरची बाई जागी झाली. नवरा दाराबाहेर धडधाकट उभा, मूल जन्मलेलं, आणि ही पोर पांढऱ्या कापडात. त्यांच्या घरी सवाष्ण गेली तर हिरवं लुगडं नेसवत, ओटी भरत, मळवट भरत. अहेवपणी जाणारीला कोऱ्या कपाळानं पाठवणं म्हणजे तिचा हक्क मारल्यासारखं. कपाळाला कापूर लावून झाल्यावर त्यांचं ओलं बोट स्वतःच्या कपाळाकडे गेलं, तिथलं कुंकू त्यांनी टिपलं आणि गुलसुमच्या कपाळावर टेकवलं. मग कापड ओढून चेहरा झाकला. दार उघडून "झालं" म्हणाल्या. आपण काही वावगं केलं असं त्यांच्या मनातही आलं नाही. उलट, त्या दिवसात तेवढी एकच गोष्ट त्यांना बरी वाटली होती.

घरी येऊन त्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं. माधवरावांनी चहा करून दिला. दुरसून दुसऱ्या दिवशी पत्र्याची पेटी घेऊन विमानानं गेला. गाव तिकडे आत, डोंगरात, योझगातच्या बाजूला.

परत आला तो ओळखू येईना. भुवईवर टाके, एक डोळा काळानिळा. कॅन घेऊन जिना चढला, पण नळाखाली लावला नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून त्यानं विचारलं, "आब्ला, तिच्या कपाळावर काय होतं?"

झालं होतं ते असं. पेटी गावात पोचली तेव्हा गुलसुमच्या आईनं हट्ट धरला, एकदा तोंड बघू द्या. पत्रा कापला, कापड बाजूला केलं. उन्हाळ्याचे दिवस, बंद पेटीतला ओलावा. ओल्या बोटाचं ते कुंकू भिजून ओघळलं होतं. कपाळाच्या मधून नाकावर लाल धार. आईनं किंकाळी फोडली. गुलसुमचा भाऊ म्हणाला, डोकं फोडून मारली हिला त्या परमुलखात, आणि बाळंतपणाची थाप मारतोय. दुरसूनच्या खिशात इस्पितळाचे कागद होते, जर्मनमधले. ते वाचणार कोण? त्याला मारहाण करून वेशीबाहेर हाकललं. बायकोच्या खड्ड्यात मूठभर माती टाकायलाही त्याला उभं राहू दिलं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथे तर चोरही कुणी नव्हता.

 शुभदाताईंनी मग सगळं सांगितलं. "आमच्याकडे नवरा जिवंत असताना बाई गेली तर तिला कुंकू लावतात. मान असतो तो तिचा," त्या म्हणाल्या. "मला वाटलं... तिला असंच कसं जाऊ द्यायचं."

"मान," दुरसून म्हणाला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो दाराच्या चौकटीला टेकून रडू लागला, आवाज न करता.

"मी येते तुमच्या गावाला. मी सांगते त्यांना, कागद वाचून दाखवते," शुभदाताई म्हणाल्या. खरंच निघाल्या असत्या, तशाच होत्या त्या.

"नको." त्यानं डोळे पुसले. "ते विचारतील, तू कोण. मग म्हणतील, गुलसुमला आपल्या माणसाचा हात लागलाच नाही. ती न धुता मातीत गेली. होजांचा ग्रंथ त्या डोंगरात कुणी ऐकणार नाही, आब्ला. तिची आई मरेपर्यंत डोळा मिटणार नाही. त्यापेक्षा मी मारली म्हणू दे. माझा राग करत ती जगेल तरी."

"अरे, पण तुझं काय?"

"आणि हे बाहेर फुटलं तर पुढची बाई गेल्यावर तिला इथे कोण धुवू देईल?" तो म्हणाला. "शपथ घ्या. होजांनासुद्धा सांगायचं नाही."

शुभदाताईंनी शपथ घेतली. फक्त माधवरावांना सांगितलं. माधवरावांनी हा विषय पुन्हा कधी काढला नाही. पण भाऊबीजेची थट्टा बंद झाली.

लहानगीचं नाव नेरमिन ठेवलं होतं. खुन्याच्या हाती पोर राहू देणार नाही, असा आजीचा निरोप आला. दुरसूनच्या बहिणीनं येऊन तिला नेलं. तान्ह्या पोरीला एकटा कामगार सांभाळणार तरी कसा? स्टेशनावर शुभदाताई गेल्या होत्या. दुरसूननं पोरीच्या दुपट्यात एक नवी बाहुली खोचली आणि गाडी हलेपर्यंत तिची मूठ धरून ठेवली. ती पोर आईच्या माहेरी वाढली, आणि बापानं आईला मारलं हे तिला बोलता येण्याआधीच शिकवलं गेलं.

मशिदीत पुढे आणखी बायका गेल्या आणि शुभदाताईंनी त्यांना धुतलं. फरक एवढाच की फरसबंद खोलीत शिरण्याआधी त्या कपाळावरचं कुंकू पुसायच्या. सवाष्णीनं आपल्या हातानं कुंकू पुसणं म्हणजे काय, हे मराठी बाईला सांगायला नको. बाहेर येऊन आंघोळ करून पुन्हा लावायच्या, आणि लावताना प्रत्येक वेळी गुलसुम डोळ्यांपुढे यायची. कालांतरानं वस्तीत वयस्क बायका आल्या, त्या हे काम शिकल्या, आणि शुभदाताईंची गरज संपली. दुरसूननं दुसरं लग्न केलं नाही. नोकरी संपली तसा तो मशिदीचाच झाला; किल्ल्या त्याच्याकडे, झाडलोट त्याच्याकडे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार त्यानं आयुष्यभर खाल्ला, आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही.

दैव पण खट्याळ. नेरमिन लग्न होऊन आली ती जर्मनीतच, नेकारसुल्मला. नवरा तिथल्याच गाड्यांच्या कारखान्यात, पुढे तीही तिथेच तपासणीच्या कामाला लागली. कोलोनपासून आगगाडीनं दुपारपर्यंत पोचता येईल इतक्या अंतरावर मुलगी, आणि बाप एकदाच तिच्याकडे गेला. तिनं दार उघडलं, कोण आहे ते ओळखलं आणि लावून घेतलं. मुलांना तिनं आजोबा वारले म्हणून सांगून ठेवलं होतं. दुरसून परत येऊन शुभदाताईंना म्हणाला, "खळी आहे तिला, आब्ला. आईसारखी." त्या भेटीबद्दल तो एवढंच बोलला.

गेल्या वर्षी दुरसूनच्या फुप्फुसात गाठ सापडली. तोवर माधवराव जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा विहंग म्युनिकला, शुभदाताई एकट्या, गुडघ्यांनी बेजार. तरी रोज ट्राम बदलून इस्पितळात जायच्या. डब्यात शिरा असायचा, त्यातला दुरसून चमचाभर खायचा. एके दिवशी त्याचा श्वास फार वर लागला होता, आणि शुभदाताईंतल्या नर्सला कळलं की आता थोडं उरलं.

"नेरमिनची आजी गेली ना रे? मग आता कुणासाठी गप्प बसायचं? मी नेकारसुल्मला जाते."

"नको, आब्ला." त्यानं मान हलवली. "आजी गेली, पण नेरमिन आहे ना. तिची आई नीट मातीत गेली, एवढं तरी तिच्याजवळ असू दे."

"तिला बाप असू दे की."

तो डोळे मिटून पडून राहिला. शुभदाताईंनी त्याच्या त्या गप्प राहण्याला होकार मानलं आणि दुसऱ्या सकाळी गाडी पकडली. विहंगला फोनवर सांगितलं तर तो जर्मनमध्ये म्हणाला, "आई, या वयात एकटी? आणि दुसऱ्यांच्या घरच्या गोष्टीत तू कशाला पडतेस?"

"दुसऱ्यांच्या नाही, माझ्याच," शुभदाताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

नेरमिन कामावरून नुकतीच आली होती. पन्नाशीची बाई, थकलेली, सभ्य. म्हातारी बाई दारात धापा टाकतेय म्हणून तिनं आत घेतलं, पाणी दिलं. दुरसूनचं नाव निघताच तिचा चेहरा बंद झाला. "फ्राऊ दिघे, त्या माणसाबद्दल मला काही ऐकायचं नाही."

"मग ऐकू नकोस. बघ," शुभदाताई म्हणाल्या.

त्यांनी पर्समधून कुंकवाची डबी काढली. माधवराव गेल्यापासून ती देवापुढे होती. पाण्याच्या पेल्यात बोट बुडवलं, कुंकवात टेकवलं, आणि स्वतःच्या कपाळावर लावलं. मेण नाही, आरसा नाही. मग पेल्यातलं थोडं पाणी तळहातावर घेऊन कपाळाला लावलं. सुरकुत्यांतून वाट काढत लाल धार भुवयांच्या मधून खाली आली, नाकावर थांबली.

नेरमिन खुर्चीवरून उठली आणि भिंतीला लागली. "आजी हेच सांगायची," ती हळू आवाजात म्हणाली. "अगदी हेच. इथून इथपर्यंत." मग म्हणाली, "पुसा. आधी पुसा ते."

शुभदाताईंनी पदरानं कपाळ पुसलं आणि सगळं सांगितलं. रक्तस्राव, होस्टेलच्या पोरी, होजांचा ग्रंथ, दाराबाहेरचा दुरसून, कापूर, कुंकू, त्याची शपथ. नेरमिननं मधे एकच प्रश्न विचारला. "नीट धुतलं होतंत तिला?"

"हो. तुझे वडील सांगत होते आणि मी करत होते. एक पायरी चुकू दिली नाही त्यांनी."

 नेरमिननं ओल्या फडक्यानं टेबलावरचे लाल ठिपके पुसले. मग तिनं मान वर केली. "पन्नास वर्षं. तुम्ही गप्प का बसलात?"

"त्यांनी शपथ घातली होती."

"त्यांना ती हवी होती," नेरमिन म्हणाली. "तुम्हाला ती सोयीची होती."

ते खरं होतं. इतकी वर्षं शुभदाताई स्वतःला सांगत आल्या की मी शब्द पाळते आहे, आणि त्या शब्दाच्या आड किती बरं वाटत होतं, हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. नेरमिननं त्यांना स्टेशनापर्यंत गाडीनं सोडलं. येते म्हणाली नाही, येत नाही म्हणाली नाही.

ती आली. पण माणसाला आयुष्यभराचा राग खाली ठेवायला वेळ लागतो, तेवढा तिनं घेतला. ती इस्पितळात पोचली तेव्हा नर्स दुरसूनच्या पलंगाची चादर बदलत होती. पहाटे शांतपणे गेले, असं नर्सनं सांगितलं. शेवटच्या संध्याकाळी शुभदाताईंनी त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं होतं, "नेरमिनला सगळं सांगितलं रे." त्याला ते ऐकू गेलं की नाही, हे त्यांना कधीच कळलं नाही.

आता त्याला पुरायचं कुठे, हा प्रश्न आला. मशिदीतली मंडळी म्हणाली, गावाला पाठवू, सगळे तसंच करतात, बायकोशेजारी जागा असेल. नेरमिननं योझगातला मामाला फोन लावला. मामा आता ऐंशीचा. भुवई फोडणारा तोच. तो म्हणाला, बहिणीच्या खुन्याला तिच्या शेजारी मी जिवंत असेपर्यंत ठेवू देणार नाही. नेरमिन फोन हातात धरून उभी राहिली. शुभदाताई समोर होत्या. त्यांना दिसत होतं की खरं तिच्या ओठांपर्यंत आलं आहे. एक वाक्य बोलली असती तर बापाला आईजवळ जागा मिळाली असती. आणि त्याच वाक्यानं आई गावभर न धुतलेली ठरली असती.

"बरं, मामा," नेरमिन म्हणाली आणि फोन बंद केला. मग खाली बसून तिनं दोन्ही हातांत तोंड लपवलं. "त्यांनी जे एवढी वर्षं राखलं, ते मी कसं मोडू?" ती म्हणाली. कोलोनच्याच दफनभूमीत जागा घेतली.

नव्या मशिदीच्या अंगणात दगडी ओट्यावर पेटी ठेवली होती. पुरुष पुढे ओळींनी, बायका मागे. नेरमिन आणि शुभदाताई सगळ्यांत शेवटी. तरुण इमाम, इथेच जन्मलेला, दुरसूनच्या हातून लहानपणी खाऊ खाल्लेला. नमाज पढवायला तोच उभा होता. मयताच्या नमाजानंतर त्यांच्यात एक रीत आहे. इमाम जमलेल्यांना विचारतो, या माणसाला तुम्ही कसं ओळखलंत? सगळे म्हणतात, चांगला माणूस. मग तो विचारतो, याच्याकडे तुमचं काही मागणं राहिलं असेल, यानं तुम्हाला कधी दुखवलं असेल, तर ते सोडता का? आणि सगळे म्हणतात, हेलाल ओल्सून. सोडलं, माफ केलं.

इमामानं विचारलं. अंगण भरून आवाज आला, "हेलाल ओल्सून."

नेरमिनचे ओठ मिटलेले होते. पुढच्या ओळीतल्या एका बाईनं वळून पाहिलं, मुलगी असून म्हणत नाही. इमामानं दुसऱ्यांदा विचारलं. पुन्हा सगळे म्हणाले. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा नेरमिननं शुभदाताईंचा दंड घट्ट धरला आणि कानाशी म्हणाली, "आब्ला, मी काय सोडू? माझं काय मागणं असणार त्यांच्याकडे? त्यांनी मला माफ केलं का, ते कोण विचारणार?"

"ते विचारायची रीत नाही गं," शुभदाताई म्हणाल्या. त्यांना स्वतःलाही दुरसूनला तेच विचारायचं होतं.

"हेलाल ओल्सून," सगळे तिसऱ्यांदा म्हणाले. पुरुषांनी पेटी खांद्यावर घेतली आणि ती फाटकाबाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे नेली. त्या दोघी एकमेकींना धरून तिथेच उभ्या राहिल्या, आणि अंगणात तेवढ्या दोघींनीच ते शब्द उच्चारले नव्हते.